प्रदूषित माती आणि सहिष्णू वनस्पती : एका वैज्ञानिक आकलनाचा ऐतिहासिक आढावा

सारांश

खाणींचे ढिगारे आणि धातू गाळणाऱ्या भट्ट्यांचा परिसर येथील विषारी मातीत काही वनस्पती तग धरून राहतात. खाणकामगारांना ही गोष्ट शतकानुशतके ठाऊक होती. परंतु तिचा अर्थ काळानुसार बदलत गेला. प्रारंभी ती खनिजाचा शोध लावण्याची खूण मानली गेली. विसाव्या शतकाच्या मध्यास ती नैसर्गिक निवडीचा प्रत्यक्ष पुरावा ठरली. पुढे ती उजाड भूमी हिरवी करण्याचे साधन झाली आणि अखेरीस मातीच्या शुद्धीकरणाची आशा बनली. प्रस्तुत निबंधात या चार टप्प्यांचा परामर्श घेतला असून, वनस्पतीची सहिष्णुता ही मातीवर झालेल्या आघाताची नोंद आहे, त्या आघाताची भरपाई नव्हे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : जड धातू, सहिष्णुता, नैसर्गिक निवड, खाणींचे ढिगारे, वनस्पतीद्वारे शुद्धीकरण

१. प्रस्तावना

मातीचे प्रदूषण हे हवा व पाणी यांच्या प्रदूषणाहून वेगळ्या स्वरूपाचे असते. कारखाना बंद झाला की हवा काही दिवसांत निवळते. नदीचे पाणीही कालांतराने स्वच्छ होऊ शकते. मातीत मिसळलेले शिसे, तांबे, जस्त किंवा कॅडमियम मात्र सहजासहजी निघून जात नाही. धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होत नाही. सेंद्रिय कचरा कुजतो, धातू कुजत नाही. त्यामुळे शतकापूर्वी बंद पडलेल्या खाणीचा ढिगारा आजही तितकाच विषारी असू शकतो.

अशा मातीत वनस्पतीला स्थलांतर करण्याची मुभा नसते. बी जेथे पडेल तेथेच तिला रुजावे किंवा मरावे लागते. जड धातूंच्या अतिरिक्त मात्रेचा पहिला आघात मुळांच्या वाढीवर होतो. मूळ खुंटल्यामुळे पाणी व पोषकद्रव्ये यांचे शोषण घटते, पाने पिवळी पडतात आणि रोप मरते. असे असूनही जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर कोठे कोठे गवताचे ठिपके दिसतात. हे गवत तेथे कसे जगते, या प्रश्नाच्या उत्तराचा शोध हा विज्ञानाच्या इतिहासातील एक उद्बोधक अध्याय आहे. या शोधाचे मुख्य क्षेत्र ब्रिटनमधील वेल्स हा प्रांत असल्याने प्रस्तुत विवेचनात त्यास मध्यवर्ती स्थान दिले आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) प्रदूषित मातीतील वनस्पतींविषयीच्या आकलनाचे ऐतिहासिक टप्पे निश्चित करणे.
(२) धातुसहिष्णुतेच्या उत्क्रांतीविषयीच्या प्रमुख प्रयोगांचे महत्त्व स्पष्ट करणे.
(३) 'हिरवळ म्हणजे शुद्धी' या प्रचलित समजाची ऐतिहासिक पुराव्याच्या आधारे चिकित्सा करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन हा विवेचनाचा आधार आहे.

३. खनिजाची खूण : प्राचीन काळ ते एकोणिसावे शतक

वनस्पतीवरून भूगर्भातील द्रव्याचा अंदाज बांधण्याची परंपरा जुनी आहे. भारतात सहाव्या शतकातील वराहमिहिराने 'बृहत्संहिते'च्या दकार्गल प्रकरणात वृक्ष व वारुळे यांच्या साहाय्याने भूजलाचा शोध कसा घ्यावा याचे विवेचन केले आहे. तेथे शोध पाण्याचा होता, धातूचा नव्हता. परंतु वनस्पतीला जमिनीच्या पोटातील गोष्टींची साक्षीदार मानण्याची दृष्टी तीच होती. नवव्या शतकातील चिनी लेखक दुआन चेंगशी याने धातूंसंबंधी अशीच नोंद केली आहे. डोंगरावर कांद्याच्या वर्गातील वनस्पती असल्यास खाली चांदी, तर आले असल्यास तांबे व कथील असते, असा त्याचा आशय आहे.

युरोपात जॉर्जियस ॲग्रिकोला याचा 'डे रे मेटॅलिका' हा खाणविद्येवरील ग्रंथ १५५६ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. खनिजाच्या शिरेवर वाढणाऱ्या गवतावर पहाटेचे हिम साचत नाही, इतरत्र मात्र साचते, असे निरीक्षण त्यात आढळते. १५८३ मध्ये आंद्रेआ चेसाल्पिनो याने इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात काळ्या खडकांवरच उगवणाऱ्या एका लहान झुडपाचे वर्णन केले. हे खडक निकेलयुक्त होते. परंतु निकेल हे मूलद्रव्यच तेव्हा अज्ञात होते. या झुडपाचे रहस्य उलगडण्यास साडेतीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. १९४८ मध्ये मिंगुत्झी व व्हेर्न्यानो या संशोधकांनी त्याच्या पानांचे पृथक्करण केले, तेव्हा कोरड्या पानांत पाऊण टक्क्याहून अधिक निकेल आढळले. सामान्य वनस्पतीत हे प्रमाण दशलक्षात काही भाग एवढेच असते.

जर्मनी व बेल्जियम यांच्या सीमेवरील आखेन परिसरात जस्ताच्या खाणींभोवती पिवळ्या फुलांचे एक व्हायोलेट वाढते. खाणकामगार त्याला जस्ताची खूण मानीत. एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्राची प्रगती झाल्यावर अशा वनस्पतींचे पृथक्करण सुरू झाले आणि १८८५ मध्ये बाउमन याने येथील वनस्पतींच्या कोरड्या पानांत सुमारे एक टक्का जस्त असल्याचे दाखविले. तथापि या साऱ्या नोंदींकडे निसर्गातील चमत्कार म्हणूनच पाहिले गेले. वनस्पतीला ही क्षमता कशी प्राप्त झाली, हा प्रश्न अद्याप विचारला गेला नव्हता.

४. तांब्याचा धूर आणि उजाड दरी

हा प्रश्न पुढे वेल्समध्ये विचारला जावा, यामागे त्या प्रदेशाचा औद्योगिक इतिहास आहे. वेल्सच्या वायव्येकडील अँगलसी बेटावरील पॅरिस डोंगरात १७६८ मध्ये तांब्याचा मोठा साठा सापडला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती जगातील अग्रगण्य खाणींपैकी एक बनली. दक्षिणेकडे स्वान्सी येथे १७१७ पासून तांबे गाळण्याचे कारखाने उभे राहू लागले. कोळसा हाताशी होता आणि बंदर जवळ होते. त्यामुळे कॉर्नवॉल आणि पुढे क्यूबा, चिली येथील खनिजही तेथे येऊ लागले. ब्रिटिश तांबे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून भारतातही येत असे. म्हणजेच या उद्योगाची बाजारपेठ जगभर पसरलेली होती, त्याची राख व धूर मात्र एका दरीत साचत होता.

स्वान्सीच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त धुराने आसपासच्या टेकड्यांवरील झाडे व गवत नाहीसे झाले. धूर कमी करण्याचा उपाय शोधणाऱ्यास १८२१ मध्ये पारितोषिक जाहीर करण्यात आले होते. १८३३ मध्ये शेतकऱ्यांनी हाफोड येथील कारखान्याच्या धुराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. निकाल कारखानदाराच्या बाजूने लागला. पिकांची व गुरांची हानी सोसणाऱ्या शेतकऱ्याला नुकसानीचे कारण सिद्ध करता आले नाही, ही घटना प्रदूषणाच्या इतिहासात पुढेही अनेकदा घडलेली दिसते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा उद्योग ओसरला. गवताचे आवरण गेल्यामुळे टेकड्यांवरील माती पावसाने वाहून गेली होती आणि दरीत मळीचे डोंगर उभे होते. कारखाने गेले, तरी माती परत आली नाही. १९६१ मध्ये विद्यापीठ, स्थानिक प्रशासन व शासन यांच्या सहकार्याने 'लोअर स्वान्सी व्हॅली प्रकल्प' सुरू झाला. त्याचा अहवाल १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. या उजाड भूमीवर काय उगवू शकेल, हा त्यातील एक प्रमुख प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना तेथील संशोधकांनी ज्या धातुसहिष्णू गवतांची चाचणी घेतली, त्यांचा शोध वेल्समधीलच जुन्या खाणींवर नुकताच लागला होता.

५. ढिगाऱ्यावरील गवत : नैसर्गिक निवडीचा पुरावा

विषारी मातीतील वनस्पती स्वतःच्या आयुष्यात त्या मातीला सरावते, की तिची क्षमता आनुवंशिक असते? या प्रश्नाचा पहिला स्पष्ट प्रायोगिक निर्णय १९३४ मध्ये सिल्व्हेस्टर प्राट या चेक वनस्पतिशास्त्रज्ञाने दिला. तांब्याच्या जुन्या खाणीवरील एका रानफुलाचे बी व सामान्य जागेवरील त्याच जातीचे बी त्याने तांबेमिश्रित मातीत पेरले. खाणीवरील बियांची रोपे वाढली, इतरांची वाढली नाहीत. बियांनी खाणीची माती प्रत्यक्ष अनुभवलेली नव्हती. यास्तव ही क्षमता वारशाने आलेली होती, हे उघड झाले.

याच दिशेने निर्णायक कार्य केले ते अँथनी ब्रॅडशॉ (१९२६–२००८) यांनी. वेल्समधील ॲबरिस्टविथजवळ गोगिनान येथे शिशाची जुनी खाण आहे. तिच्या ढिगाऱ्यावर 'ॲग्रोस्टिस टेन्युइस' हे कुरणांतील अगदी सामान्य गवत वाढत होते. या गवताचे आजचे शास्त्रीय नाव 'ॲग्रोस्टिस कॅपिलॅरिस' असे आहे. ब्रॅडशॉ यांनी खाणीवरील व जवळच्या कुरणातील गवत खाणीच्या मातीत लावून पाहिले. दोन्ही एकाच जातीची असूनही कुरणातील गवत तेथे तग धरू शकले नाही. हे निष्कर्ष १९५२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढील काळात बँगोर येथील विद्यापीठात ब्रॅडशॉ व त्यांचे सहकारी यांनी या विषयाचा सखोल पाठपुरावा केला. मुळांच्या वाढीवरून सहिष्णुता मोजण्याची पद्धत डी. ए. विल्किन्स यांनी १९५७ मध्ये मांडली होती. धातूच्या द्रावणातील मुळांची वाढ आणि धातुविरहित द्रावणातील वाढ यांचे गुणोत्तर म्हणजे सहिष्णुतेचा निर्देशांक. या सोप्या मापनामुळे शेकडो रोपांची तुलना शक्य झाली.

उत्तर वेल्समधील द्रुस-इ-कोएड या दरीतील तांब्याच्या लहानशा खाणीवर थॉमस मॅकनीली यांनी केलेला अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. या दरीत वारा बहुधा एकाच दिशेने वाहतो. वाऱ्याच्या वरच्या बाजूस खाणीची हद्द संपताच थोड्याच अंतरात गवताची सहिष्णुता एकदम घटलेली आढळली. खालच्या बाजूस मात्र ती दीडशे मीटरच्याही पुढे हळूहळू कमी होत गेलेली दिसली. खाणीवरील गवताचे परागकण वाऱ्याबरोबर कुरणात पोहोचत होते, हे त्याचे कारण. खाणीवरील प्रौढ गवत त्याच खाणीवर तयार झालेल्या बियांपेक्षा अधिक सहिष्णू असते, असेही दिसून आले. याचा अर्थ दर पिढीत बाहेरचे पराग येऊन मिसळतात आणि दर पिढीत विषारी माती कमकुवत रोपांना वगळते. निवड ही एकदा घडून गेलेली घटना नसून ती सतत चालू राहते.

सलग पसरलेल्या एकाच गवतात काही मीटरच्या अंतराने असे आनुवंशिक भेद टिकतात, ही गोष्ट तत्कालीन जीवशास्त्रज्ञांना अनपेक्षित होती. भौगोलिक अंतरावाचून भेद टिकत नाहीत, असा सर्वसाधारण समज होता. निवडीचा दाब पुरेसा तीव्र असल्यास परागांच्या देवाणघेवाणीनंतरही भेद टिकू शकतो, हे एस. के. जैन व ब्रॅडशॉ यांनी १९६६ मध्ये सैद्धांतिक गणिताने दाखविले. शिवाय खाणीवरील गवत शेजारच्या गवताहून काही दिवस आधी फुलोऱ्यावर येते, असे मॅकनीली व अँटोनोविक्स यांना आढळले; त्यामुळे दोहोंचा संकर कमी होतो. ट्रेलोगान येथील जस्ताच्या खाणीवर हा फरक चार दशकांनंतरही कायम असल्याची नोंद अँटोनोविक्स यांनी २००६ मध्ये केली.

६. उत्क्रांतीचा वेग आणि तिची मर्यादा

चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये नैसर्गिक निवड अत्यंत संथ व नकळत घडणारी प्रक्रिया म्हणून मांडली होती. प्रदूषित मातीने या कल्पनेत महत्त्वाची भर घातली. लिव्हरपूलजवळ प्रेस्कॉट येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी तांबे शुद्ध करणारा कारखाना सुरू झाला होता. त्याच्या आवारात निरनिराळ्या वर्षी लावलेली हिरवळ होती. लिन वू, ब्रॅडशॉ व थर्मन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नव्या हिरवळीत उघडे ठिपके होते व गवताची सहिष्णुता कमी होती. जुन्या हिरवळीत ती वाढत गेली होती. अवघ्या काही वर्षांत निवडीचा परिणाम दिसू लागला होता. पुढे १९८८ मध्ये विजेच्या मनोऱ्यांखालील मातीचा अभ्यास झाला. मनोऱ्यांच्या जस्तलेपित लोखंडावरून पावसाबरोबर जस्त खाली उतरते. त्या मनोऱ्यांखाली दोन-तीन दशकांत जस्तसहिष्णू गवत निर्माण झाल्याचे आढळले.

या वेगाचे रहस्य गवताच्या पूर्वसंचितात होते. कुरणातील सामान्य गवताचे बी तांबेयुक्त मातीत पेरल्यास बहुसंख्य रोपे मरतात, परंतु हजारांत एखाद-दुसरे रोप जगते. १९७४ मधील प्रयोगांनी हे दाखविले. म्हणजे सहिष्णुतेची जनुके प्रदूषणापूर्वीच, अत्यल्प प्रमाणात, त्या गवतात अस्तित्वात होती. प्रदूषणाने ती निर्माण केली नाहीत. त्याने केवळ इतरांना वगळले.

येथेच मर्यादेचा प्रश्न उपस्थित होतो. ज्या जातींत अशी जनुके मुळात नाहीत, त्या कितीही बी पेरले तरी प्रदूषित मातीत टिकत नाहीत. कुरणात दहा-वीस जाती असतात, तर शेजारच्या ढिगाऱ्यावर दोन-तीनच. ब्रॅडशॉ यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रोनियन व्याख्यानात या अवस्थेस 'जीनोस्टॅसिस' असे नाव दिले. आनुवंशिक विविधतेच्या अभावी उत्क्रांती थांबून राहणे, असा त्याचा अर्थ होय. उत्क्रांतीच्या वेगाचे उदाहरण म्हणून ज्यांचे कार्य सर्वत्र सांगितले जाते, त्याच संशोधकाने उत्क्रांतीच्या अपयशाकडे लक्ष वेधावे, हे विशेष उल्लेखनीय आहे. निसर्ग काहीही पचवतो, या समजास या विवेचनात आधार सापडत नाही.

सहिष्णुतेची किंमतही मोजावी लागते. सहिष्णू गवत सामान्य मातीत इतर गवतांच्या स्पर्धेत मागे पडते. त्यामुळेच ते खाणीवर विपुल असले, तरी शेजारच्या कुरणात दुर्मीळ राहते.

७. नकार आणि साठवण

वनस्पती धातूला कसे तोंड देते, याची उकल १९८० नंतर वेगाने झाली. ॲलन बेकर यांनी १९८१ मध्ये धातूंना प्रतिसाद देण्याच्या पद्धतींचे वर्गीकरण केले. त्यातील दोन टोके महत्त्वाची आहेत. काही वनस्पती धातूला मुळांशीच रोखून धरतात. त्यांच्या पानांत धातू फारसा पोहोचत नाही. त्यांना 'वर्जक' म्हणता येईल. काही वनस्पती याउलट धातू पानांत साठवितात. त्यांना 'संचयी' म्हणता येईल. वेल्समधील खाणींवरील बहुतेक गवते पहिल्या प्रकारची आहेत, तर चेसाल्पिनोचे झुडूप दुसऱ्या प्रकारचे.

१९७६ मध्ये न्यू कॅलेडोनियातील एका वृक्षाविषयी झाफ्रे, ब्रुक्स व त्यांचे सहकारी यांनी शोधनिबंध लिहिला. या वृक्षाचा चीक निकेलमुळे निळसर-हिरवा असतो आणि वाळलेल्या चिकात सुमारे पाव हिस्सा निकेल असते. अशा वनस्पतींसाठी 'अतिसंचयी' या अर्थाची संज्ञा तेव्हापासून रूढ झाली.

पेशींच्या पातळीवर १९८५ मध्ये ग्रिल, विनाकर व झेंक यांनी 'फायटोकेलॅटिन' या लहान पेप्टाइडांचा शोध लावला. ती धातूला बांधून निरुपद्रवी करतात आणि असा बांधलेला धातू पेशीतील रिक्तिकेत साठविला जातो. तथापि खाणीवरील गवतांची विशेष सहिष्णुता केवळ याच यंत्रणेने स्पष्ट होत नाही, असे पुढील संशोधनात आढळले. यंत्रणा धातूगणिक वेगळी असते. 'होल्कस लॅनाटस' या गवतात आर्सेनिकविषयक सहिष्णुता वेगळ्याच मार्गाने येते. आर्सेनेट हे फॉस्फेटसारखे असल्याने फॉस्फेटच्या वाटेने मुळात शिरते; सहिष्णू गवत ती वाटच अरुंद करून टाकते, असे मेहार्ग व मॅकनेअर यांनी १९९०च्या सुमारास दाखविले. 'अरॅबिडॉप्सिस हॅलेरी' या संचयी वनस्पतीत जस्त मुळांतून वर चढविणाऱ्या एका जनुकाच्या तीन प्रती असल्याचे २००८ मध्ये सिद्ध झाले.

वर्जक व संचयी हा भेद केवळ शास्त्रीय नाही. वर्जक गवताने आच्छादलेल्या ढिगाऱ्यातील धातू जेथल्या तेथेच राहतो. संचयी वनस्पतीचा धातू पानांत येतो आणि पान खाणाऱ्याच्या पोटात जाऊ शकतो.

८. हिरवे आवरण आणि शुद्धीकरणाचा हिशेब

ब्रॅडशॉ यांच्या संशोधनाचे उपयोजन म्हणजे व्यापारी तत्त्वावर तयार केलेले सहिष्णू गवताचे वाण. आम्लयुक्त शिसे-जस्ताच्या ढिगाऱ्यांसाठी 'गोगिनान', तांब्याच्या ढिगाऱ्यांसाठी 'पॅरिस' आणि चुनखडीयुक्त ढिगाऱ्यांसाठी 'मर्लिन' ही नावे १९७०च्या दशकात प्रचारात आली. त्यांपैकी पहिली दोन थेट खाणींची नावे आहेत. जेथील विषाने गवत घडविले, त्याच जागेचे नाव गवताने धारण केले. या वाणांमुळे धूळ उडणे व ढिगाऱ्याची धूप थांबविणे शक्य झाले. परंतु धातू मातीतच राहिला आणि अशा जागी गुरे चारणे सुरक्षित ठरत नव्हते.

यानंतर संचयी वनस्पतींच्या साहाय्याने मातीतून धातूच काढून घेण्याची कल्पना पुढे आली. रूफस चेनी यांनी १९८३ मध्ये ती मांडली. १९९०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील रोथॅमस्टेड संस्थेने सांडपाण्याच्या गाळामुळे धातू साचलेल्या जमिनीत तिची क्षेत्रचाचणी घेतली. १९९५ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील नंदकुमार, रास्किन व सहकाऱ्यांनी मोहरीच्या भारतीय जातीची शिसे शोषण्याची क्षमता प्रकाशात आणली. २००१ मध्ये 'टेरिस व्हिटाटा' हे नेचे आर्सेनिकचे अतिसंचयी असल्याचे फ्लोरिडात आढळले. भारतात जुन्या भिंती व विहिरींच्या चिऱ्यांतून हेच नेचे सहज उगवलेले दिसते.

या आशेचा हिशेब मात्र मांडून पाहणे आवश्यक आहे. एक हेक्टर जमिनीचा वरचा २० सेंटिमीटरचा थर घेतल्यास त्या मातीचे वजन सुमारे २,६०० टन भरते. तिच्यात दर किलोग्रॅममागे १,००० मिलिग्रॅम शिसे असल्यास एकूण शिसे २,६०० किलोग्रॅम होते. एखादे पीक वर्षाला १० टन कोरडे वस्तुमान देते व त्यात दर किलोग्रॅमला १०० मिलिग्रॅम शिसे शोषले जाते असे मानल्यास वर्षाला अवघे एक किलोग्रॅम शिसे बाहेर पडेल. या गतीने जमीन शुद्ध होण्यास अडीच हजारांहून अधिक वर्षे लागतील. जस्ताच्या अतिसंचयी वनस्पतीचे चित्र याहून बरे आहे. पाच टन वस्तुमानात एक टक्का जस्त असल्यास वर्षाला ५० किलोग्रॅम निघेल. तितक्याच प्रदूषित जमिनीतील निम्मे जस्त काढण्यास तरीही २६ वर्षे लागतील. शिसे मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहते. ते सैल करण्यासाठी रसायने वापरल्यास ते भूजलात उतरण्याचा धोका उद्भवतो. शिवाय कापलेल्या धातुयुक्त पाल्याची विल्हेवाट हा प्रश्न उरतोच. निकेलसारख्या मौल्यवान धातूबाबत या पद्धतीस काही भवितव्य आहे. शिशाबाबत ते फार थोडे आहे.

९. सहिष्णुतेची दुसरी बाजू : जिन्झू नदीचे खोरे

आतापर्यंतच्या विवेचनात वनस्पतीची सहनशीलता ही इष्ट गोष्ट म्हणून आली. पीक सहिष्णू असणे माणसाच्या दृष्टीने किती घातक ठरू शकते, हे जपानमधील अनुभवाने दाखविले. तोयामा प्रांतातील जिन्झू नदीच्या वरच्या अंगास कामिओका ही जस्त-शिशाची खाण होती. खाणीतील कॅडमियम नदीत आणि नदीच्या पाण्याबरोबर भातखाचरांत गेले. या भागात, विशेषतः प्रौढ स्त्रियांत, हाडे ठिसूळ होऊन असह्य वेदना देणारा विकार पसरला. रुग्णांच्या कण्हण्यावरून त्याला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', असे नाव पडले. स्थानिक वैद्यक व्यावसायिक नोबोरु हागिनो यांनी त्याचा खाणीशी संबंध जोडला आणि १९६८ मध्ये जपान सरकारने तो प्रदूषणजन्य विकार असल्याचे मान्य केले.

भाताच्या रोपाला अपाय होण्यास जितके कॅडमियम लागते, त्याहून कितीतरी कमी प्रमाणात त्याचा दाणा माणसास अपायकारक होतो. शेत हिरवेगार दिसते, ओंब्या भरतात, आणि विष ताटात पोहोचते. या खोऱ्यातील माती अखेर वनस्पतींनी शुद्ध केली नाही. दूषित थर गाडून वर नवी माती घालण्याचे काम तीन दशकांहून अधिक काळ चालले आणि २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी कॅडमियम शोषणारी वाट बंद झालेले भाताचे उत्परिवर्तित वाण प्रसिद्ध केले. वेल्समधील गवताने निवडीतून जो नकार साध्य केला, तसा नकार येथे माणसाने प्रयोगशाळेत शोधला.

१०. महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातही खाणींच्या ढिगाऱ्यांचे पुनर्वसन हा विषय अभ्यासला गेला आहे. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर वृक्षलागवडीचे प्रयोग केले. साखर कारखान्यातील प्रेसमडसारखे सेंद्रिय द्रव्य, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी कवके यांचा त्यात एकत्रित उपयोग करण्यात आला. केवळ सहिष्णू रोप लावणे पुरेसे नाही, तर मातीच पुन्हा घडवावी लागते, हा या प्रयोगांचा गाभा आहे. वेल्समधील अनुभवाशी तो सुसंगत आहे. तेथेही सहिष्णू गवत खताविना तग धरत नसे.

११. निष्कर्ष

(१) प्रदूषित मातीतील वनस्पतींकडे पाहण्याची दृष्टी खनिजाची खूण, उत्क्रांतीचा पुरावा, हिरवळीचे साधन व शुद्धीकरणाची आशा अशा चार टप्प्यांतून विकसित झाली. प्रत्येक टप्प्यामागे त्या काळाची गरज होती.

(२) धातुसहिष्णुता काही वर्षांत व काही मीटरच्या अंतरात उत्क्रांत होऊ शकते. परंतु त्यासाठी आवश्यक ती आनुवंशिक विविधता अगोदरपासून असावी लागते. बहुसंख्य जातींत ती नसते. म्हणून प्रदूषित भूमीवरील थोड्या जातींची हिरवळ ही नाहीशा झालेल्या अनेक जातींचीही नोंद असते.

(३) वर्जक व संचयी वनस्पतींतील भेद लक्षात घेतल्यावाचून कोणतीही लागवड सुरक्षित मानता येत नाही. पिकाचे आरोग्य म्हणजे मातीचे किंवा माणसाचे आरोग्य नव्हे.

(४) वनस्पतींद्वारे धातू काढून घेण्याचा कालावधी बहुधा एका मानवी पिढीहून मोठा असतो. यास्तव धातू मातीत जाऊ न देणे हाच प्रमुख उपाय ठरतो.

१८३३ मध्ये स्वान्सीच्या शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचे नुकसान न्यायालयात सिद्ध करता आले नाही. आज तसा पुरावा मातीच्या पृथक्करणात व ढिगाऱ्यावरील गवताच्या मुळांत उपलब्ध आहे. एखाद्या बंद कारखान्याच्या आवारात हिरवळ दिसली म्हणजे ती जमीन शुद्ध झाली, असा दाखला देण्यापूर्वी ते गवत कोणत्या जातीचे आहे आणि त्याच्या मुळांशी काय साचले आहे, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.